सुक्या कचऱ्यात काय चालतं, काय नाही: सोसायटीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं आमच्या सोसायटीतलं कचऱ्याचं खातं माझ्याकडे आहे. सेक्रेटरीपद कुणालाच नको असतं, कचरा तर त्याहून नको, म्हणून आलं. लिफ्टमध्ये, जिन्यात, सर्वसाधारण सभेत आणि रात्री अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुंबईपुरती आहेत. पुण्याच्या आत्याला पुढे पाठवण्याआधी तिथली पद्धत तिलाच विचारा.

सुका कचरा म्हणजे नक्की काय? जे ओलं नाही ते सगळं?

बहुतेकांचा घोळ इथेच होतो. न कुजणारा तो सुका, ही व्याख्या पालिकेच्या पत्रकापुरती ठीक आहे. पण सुक्यातही दोन जाती आहेत: विकला जाणारा आणि न विकला जाणारा. परदेशातले नातेवाईक सांगतात तसं, घरासमोरच्या डब्यात टाकलं आणि पुढे यंत्राने निवडलं, असं आपल्याकडे नाही. इथे माणूस निवडतो. आपल्या इमारतीतला सफाई कामगार, मग कचरावेचक किंवा पालिकेच्या सुका कचरा केंद्रातल्या बायका, मग भंगारवाल्याचा काटा, मग गोदाम. तिथून बरंचसं प्लॅस्टिक धारावीच्या तेरा कंपाउंडसारख्या ठिकाणी जातं. तिथे ते जात आणि रंग बघून वेगळं करतात, यंत्रात भरडतात, धुतात, पत्र्यांवर वाळवतात, वितळवून त्याच्या तारा ओढतात आणि त्या कापून दाणा करतात. त्या दाण्याच्या पुन्हा बादल्या, खुर्च्या, पाइप होतात.

म्हणून डब्यात टाकताना मी दोनच गोष्टी बघते. हे कुणाला किळस न येता हातात धरता येईल का? आणि धरल्यावर त्याला त्याचं काही मिळेल का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर बिनधास्त द्या. खाली वस्तूंची नावं घेऊन जे लिहिलंय, ते सगळं या दोन प्रश्नांमधूनच आलेलं आहे.

वन रूम किचनमध्ये चार-चार डबे कुठे ठेवायचे?

केंद्राच्या २०१६च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग होते. १ एप्रिल २०२६पासूनच्या नव्या नियमांत चार आहेत: ओला, सुका, सॅनिटरी (डायपर, पॅड) आणि विशेष काळजीचा. भाग चार म्हणून डबे चारच हवेत असं नाही. ओल्याला झाकणाचा छोटा डबा, रोज रिकामा करायचा. सुक्याला खिडकीच्या ग्रिलला किंवा दारामागे अडकवलेली जुनी कापडी पिशवी. आठवड्यातून दोनदा रिकामी केली तरी चालते, कारण स्वच्छ सुक्याला वास येत नाही. येत असेल तर आत ओलं गेलंय. सॅनिटरीची पुडी बांधली की त्याच दिवशी द्यायची. विशेष काळजीच्या कचऱ्याला श्रीखंडाचा रिकामा डबा पुरतो. जुने सेल, संपलेल्या गोळ्या. भरायला सहा महिने लागतात.

आम्ही वेगळं करून देतो आणि गाडीत सगळं एकत्रच टाकतात. मग कशाला?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यांत रास्त प्रश्न. होतं असं. मी स्वतः फाटकाशी उभं राहून बघितलंय. कॉम्पॅक्टरच्या, म्हणजे कचरा दाबणाऱ्या गाडीच्या, तोंडात गेलं की आमटी, कागद, बाटली सगळ्यांचा एकच लगदा होतो आणि तो कांजूरमार्गच्या किंवा देवनारच्या डम्पिंगवर जातो. मुंबईचा रोजचा कचरा साधारण साडेसहा हजार टनांच्या घरात आहे. देवनारला तो १९२७पासून पडतोय, मुलुंडचं डम्पिंग २०१८मध्ये बंद झालं आणि आता मोठा भार कांजूरमार्गवर आहे. जानेवारी २०१६मध्ये देवनार पेटलं तेव्हा गोवंडी-चेंबूरपासून लांबपर्यंत धूर होता, हे अनेकांना आठवत असेल. कुजणारं आतल्या आत मिथेन सोडतं आणि त्यावर कागद-प्लॅस्टिकचा थर असतो. आग लागली की सहज विझत नाही.

आता उपाय. पहिला म्हणजे सुका कचरा त्या गाडीकडे जाऊच द्यायचा नाही. आमच्याकडे तो मीटरच्या खोलीशेजारी गोणीत जमा होतो आणि ठरलेल्या दोन वारी वेगळा उचलला जातो. तुमच्या भागात सुक्या कचऱ्याची वेगळी गाडी कोणत्या वारी येते, हे पालिकेच्या सफाई चौकीवरच्या मुकादमाला विचारा. फोनपेक्षा सकाळी सातच्या सुमारास प्रत्यक्ष गेलेलं बरं. गाडी येत नसेल तर भंगारवाल्याशी किंवा कचरावेचक महिलांच्या गटाशी ठरवा. स्त्री मुक्ती संघटनेने मुंबईत अशा बायकांचे गट उभे केले आहेत. सांगितल्यावरही गाडीत एकत्रच टाकत असतील तर गाडीचा क्रमांक, वेळ आणि फोटो घेऊन पालिकेच्या १९१६ या फोन क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. क्रमांकाशिवाय केलेली तक्रार म्हणजे नाक्यावरच्या गप्पा.

आणि थोडं आपल्याकडेही बघू. गाडीवाल्याने एकत्र केलं म्हणून ओरडणाऱ्या एका मजल्यावरची सुक्याची गोणी मी उघडली, तेव्हा आत निम्मा भात होता.

सगळं धुऊन द्यायचं? पाणीकपातीत?

धुऊन नाही, विसळून. भांडी घासून झाल्यावर शेवटच्या विसळणीचं पाणी आपण ओतूनच देतो. त्यात दह्याचा डबा, सॉसची बाटली फिरवून घ्या. साबण नको, चकाचक करायची गरज नाही. मुंग्या लागणार नाहीत इतपत पुरे. पावसाळ्यात मात्र वाळवणं महत्त्वाचं. ओलसर डबा कागदाला लागला की कागदाचा भाव जातो.

दुधाची पिशवी चालते का?

चालते, आणि चांगली चालते. पातळ प्लॅस्टिकमध्ये दुधाच्या पिशवीला मान आहे. पण कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण वेगळा करू नका. चीर द्या, कोपरा पिशवीलाच लटकत राहू दे. तो नखाएवढा तुकडा कुणीच वेचत नाही. मोरीतून गटारात आणि गटारातून खाडीत जातो. घरात दिवसाला दोन पिशव्या म्हणजे वर्षाला सातशे तीस कोपरे, एका घराचे. पिशवी उलटी करून विसळा, नळाला किंवा टाइल्सवर चिकटवून वाळवा. टाइल्सवर दुधाच्या पिशव्या वाळत घालणाऱ्या आजी आपल्याकडे होत्याच, आपणच त्यांना चिडवायचो.

तेलाच्या पिशवीचं तसं नाही. तेल पूर्ण निथळलं असेल तर भंगारवाला कुरकुरत घेतो, तेलकट असेल तर तिच्याबरोबर अख्खी गोणी बिघडते.

वेफर्स, बिस्किटं, मसाल्यांची चकचकीत पाकिटं?

सुक्यातच टाकायची, पण ती विकली जातील या समजात राहू नका. प्लॅस्टिक आणि धातूचा मुलामा यांचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते परत सुटे होत नाहीत. भंगारवाला हातही लावत नाही. वेगळी गोळा झालीच तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात, नाहीतर डम्पिंगवर. शाम्पूच्या पुड्या, टूथपेस्टच्या ट्यूब, गुटख्याच्या पुड्या (कुणी खात नाही, तरी जिन्यात सापडतात) सगळी याच जातीची. सुक्यात टाकताना बारकी पाकिटं एका मोठ्या पाकिटात कोंबून द्या, उडणार नाहीत.

हॉटेलच्या पार्सलचे काळे डबे? परदेशात ते चालत नाहीत असं वाचलं.

बरोबर वाचलंत, पण ते तिथलं. तिथल्या कारखान्यात प्रकाशकिरणांनी प्लॅस्टिक ओळखणारी यंत्रं असतात आणि काळा रंग त्यांना दिसत नाही. इथे हात ओळखतो. गोदामातले लोक तुकडा वाकवून, टिचकीचा आवाज ऐकून, कधी जाळून वास घेऊन प्लॅस्टिकची जात सांगतात. काळ्याचा दाणाही काळाच होतो, त्याला गिऱ्हाईक आहे. फक्त ग्रेव्ही काढा. बटर चिकनचा रस्सा राहिलेला डबा कुणाच्याच कामाचा नाही.

तळाशी त्रिकोणात आकडा असतो तो बघायचा का?

उत्सुकता असेल तर. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं, २ म्हणजे शाम्पू-फिनेलच्या जाड बाटलीचं, ५ म्हणजे पार्सलच्या डब्याचं प्लॅस्टिक. या तिघांना भंगारात मागणी असते. त्रिकोण आहे म्हणजे वस्तू पुन्हा वापरात येणारच, अशी हमी नाही. ती प्लॅस्टिकची जात फक्त. पाण्याची बाटली रिकामी करून पिळा, चपटी करून बूच लावा. बूच वेगळ्या जातीचं असतं, पण ते गोदामात काढून घेतात.

रद्दीत काय काय चालतं?

वर्तमानपत्र, वह्या, पुठ्ठा, खोकी, कागदी पाकिटं. हे रद्दीवाल्याला द्यायलाच हवं, सुक्याच्या पिशवीत कोंबायचं कारण नाही. खोक्यांवरची चिकटपट्टी निघेल तेवढी काढा, खोकी मोडून सपाट करा. न चालणारे कागद असे: दुकानाचं गुळगुळीत बिल (त्यावर रसायनाचा थर असतो), लॅमिनेट केलेला कागद, प्लॅस्टिकचा थर दिलेले चहाचे कागदी कप, वापरलेले टिशू. पिझ्झाच्या खोक्याचं झाकण सहसा कोरडं असतं, ते फाडून पुठ्ठ्यात टाका. तेलकट तळ तुकडे करून ओल्यात. लग्नपत्रिकेवरचा गणपती टाकवत नाही म्हणून पत्रिका वर्षानुवर्षं कपाटात राहतात. साधा कागद रद्दीत जातो. मखमल, जरी, प्लॅस्टिकची खिडकी असलेली पत्रिका कुठेच जात नाही.

जूनच्या आत माळ्यावरची रद्दी काढा. ओल धरलेल्या रद्दीला रद्दीवाला निम्मा भाव देतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

ज्यूसचे, ताकाचे टेट्रा पॅक?

आतून बाहेरून थर आहेत: बहुतांश पुठ्ठा, थोडं प्लॅस्टिक, अगदी पातळ अ‍ॅल्युमिनियम. हे वेगळे करता येतात, पण त्यासाठी खास गिरणी लागते. गल्लीतला भंगारवाला बहुधा नाही म्हणतो. मुंबईत सहकारी भांडारच्या काही दुकानांत असे रिकामे डबे गोळा करण्याचा उपक्रम बरीच वर्षं चालत आलाय. जवळच्या दुकानात विचारून बघा. कोपरे उघडून डबा सपाट करा, स्ट्रॉ काढा.

फुटलेली काच?

आमच्या सफाई कामगाराच्या तळव्याला एकदा चार टाके पडले. काचेचा ग्लास फुटला होता, कुणीतरी तो तसाच ओल्यात टाकला होता, वर बटाट्याची सालं. कोणत्या घरातला ते कळलं नाही. औषधपाण्याचा खर्च सोसायटीने दिला, पण त्याचा आठवडाभराचा खाडा झाला. तेव्हापासून नियम असा: काच जाड वर्तमानपत्रात गुंडाळायची, दोऱ्याने बांधायची, वर मोठ्या अक्षरात ‘काच’ लिहायचं आणि पुडी हातात द्यायची. डब्यात टाकायची नाही.

अख्ख्या बाटल्या आणि बरण्या सरळ भंगारात. बिअरच्या बाटल्या तर फोडतही नाहीत, धुऊन परत भरतात. त्या द्यायला लाजून काळ्या पिशवीत बांधून ओल्यात लपवणारे सभासद आहेत. भंगारवाल्याला तुमच्या पिण्यात काडीचा रस नाही.

थर्मोकोल?

नाही. हवेने फुगवलेला असतो, गोणीभर जमवला तरी काट्यावर वजन भरत नाही, म्हणून कुणी उचलत नाही. टीव्हीच्या खोक्यातला असेल तर दुकानदाराच्या माणसालाच परत न्यायला सांगा. मोडू नका, त्याचे दाणे नाल्यापर्यंत पोचतात.

नारळाच्या करवंट्या, शहाळं, निर्माल्य?

सगळं ओलंच, पण करवंट्या-शहाळी खताच्या खड्ड्यात नकोत. करवंटी वर्षभर तशीच बसून राहते. शेंडी मात्र कुंडीच्या तळाला किंवा भांडी घासायला. निर्माल्यातून आधी दोरा, जरी, उदबत्तीचं पाकीट काढा. मग ते उत्तम खत आहे. गणपतीत विसर्जनस्थळी पालिका निर्माल्य कलश ठेवते, त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीसकट टाकू नका. कोळंबीची सालं आणि बांगड्याचे काटे सोसायटीच्या खतात घालावेत की नाही, यावर आमच्या सभेत दीड तास गेला. कुजतात छान, पण मांजरं येतात. शेवटी ते पालिकेच्या ओल्या गाडीत द्यायचं ठरलं आणि सगळ्यांना चहा मिळाला.

डायपर आणि पॅड?

सुक्यात कधीच नाही. हे निवडणारी बहुतेक वेळा एखादी बाई असते आणि ती हाताने निवडते, एवढं लक्षात ठेवलं तर बाकी नियम सांगावे लागत नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळा, पुडीवर लाल खूण करा, वेगळी द्या. मुंबई महापालिकेने २०२५मध्ये घरगुती सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा वेगळा उचलण्याची सेवा सुरू केली. त्यासाठी सोसायटीने नोंदणी करायची असते. सभेत हा विषय निघाला की पुरुष मंडळी मोबाईलमध्ये डोकं घालतात. आमचा नोंदणीचा अर्ज त्यामुळेच दोन महिने लांबला.

जुनी औषधं, सुया, सेल, ट्यूबलाइट?

हाच तो विशेष काळजीचा कचरा. इन्सुलिनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाकून झाकण चिकटपट्टीने बंद करा. औषधं संडासात ओतू नका. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या भंगारात जात नाहीत. ट्यूबलाइट, सीएफएल आणि जुन्या थर्मामीटरमध्ये पारा असतो. फुटलं तर खिडक्या उघडा, झाडू वापरू नका, जाड कागदाने गोळा करा. मोबाईलच्या, पॉवर बँकेच्या बॅटऱ्या कचऱ्याच्या गाडीत दाबल्या गेल्या की पेट घेतात. म्हणून त्या वेगळ्या.

बंद पडलेला मिक्सर, चार्जर, वायरी? भंगारवाला चांगले पैसे देतो.

देतो, कारण आत तांबं आहे. पण ते काढण्यासाठी वायर उघड्यावर जाळली जाते आणि तो धूर जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. अधिकृत ई-कचरा केंद्राला द्या. आम्ही वर्षातून दोनदा, दिवाळीच्या साफसफाईनंतर आणि मे महिन्यात, एकत्र गोळा करून गाडी बोलावतो. दोन-पाच वस्तूंसाठी कुणी येत नाही, शंभरांसाठी येतात.

जुने कपडे?

बोहारीण येत असेल तर तिला. साडीवर पातेलं घेताना घासाघीस जरूर करा, पण ती हे कपडे दुरुस्त करून बाजारात विकते, फाटके असतील तर तिलाही उपयोग नाही. सुती चिंध्या गॅरेजवाले घेतात. चपला-बुटांचं अवघड आहे. जोडी एकत्र बांधून द्या, एकेकटी चप्पल कुणाच्याच पायात जात नाही.

कॅरीबॅगवर बंदी आहे, मग कचऱ्याच्या डब्यात काय घालायचं?

महाराष्ट्रात कॅरीबॅगवर मार्च २०१८मध्ये बंदी आली. दंड पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० व तीन महिन्यांपर्यंत कैद. १ जुलै २०२२पासून स्ट्रॉ, प्लॅस्टिकचे चमचे, थर्मोकोलच्या ताटल्या वगैरेंवर देशभर बंदी आहे. तरी भाजीवाल्याकडे पिशवी मिळतेच, हे मलाही माहीत आहे. २६ जुलै २००५ला गटारं तुंबली तेव्हाही या पिशव्यांचं नाव निघालं होतं. ओल्याच्या डब्यात वर्तमानपत्र दुहेरी घडी करून घाला. आमटी-भाजी आधी निथळून टाकली तर तळ गळत नाही. ‘कंपोस्टेबल’ म्हणून मिळणाऱ्या पिशव्या घेतल्यात तर त्या प्लॅस्टिकमध्ये मिसळू नका, दाणा खराब होतो. आणि त्या घरच्या कुंडीत सहजासहजी कुजत नाहीत.

भंगाराचे पैसे कुणाचे?

आमच्याकडे ज्यांनी निवडलं त्यांचे, म्हणजे सफाई कामगारांचे. सभेत एकाने हे पैसे सोसायटीच्या निधीत घ्यावेत असा मुद्दा काढला होता. मी त्यांना एक दिवस गोणी निवडायला बोलावलं. मुद्दा मागे घेतला गेला.

सोसायटी मोठी असेल तर वेगळे नियम आहेत का?

आहेत. २० हजार चौरस मीटरहून मोठा परिसर किंवा रोजचा १०० किलोंहून जास्त कचरा असलेल्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असं पालिकेने २ ऑक्टोबर २०१७पासून बंधनकारक केलं. घराच्या दुरुस्तीत निघणारी लादी, विटा, प्लास्टर हे रोजच्या कचऱ्यात नाही. त्यासाठी पालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. कंत्राटदाराने रात्री कोपऱ्यावर टाकलं तर दंड घरमालकाला बसतो, कंत्राटदार तोवर दुसऱ्या कामावर गेलेला असतो.

घरकामाच्या मावशींना हे सगळं कसं समजवायचं?

बहुधा त्यांना तुमच्याआधी समजलेलं असतं. आमच्याकडच्या मावशी गोवंडीहून येतात, डम्पिंगचा वास त्यांना वर्तमानपत्रातून कळत नाही. डबे ओट्याखाली एकावर एक ठेवले तर वरचाच भरतो. दोन्ही हाताशी ठेवा.

हे सगळं छापून लिफ्टजवळ लावता येईल का?

लावलं होतं. रंगीत, लॅमिनेशन करून. दुसऱ्या मजल्यावरच्या चौथीतल्या मुलाने विचारलं, “हा कागद जुना झाला की कुठल्या डब्यात?” आता पाठकोऱ्या कागदावर हाताने लिहून लावते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बदलावा लागतो.